सरजाचं बोलणं

दोन हजार एकोणीस साल. त्या साली दिवाळी सरली तरी पाऊस गेला नाही. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजींना वावरातच मोड आले आणि फुटलेला कापूस बोंडातच भिजून म्हाताऱ्याच्या दाढीसारखा लोंबायला लागला. पेडगावच्या पुढं, दुधना नदीच्या अंगाला असलेल्या त्या गावात लोक अजून त्याला 'मोडाचं साल' म्हणतात. कस्तुराबाई मात्र त्याला सरजाचं साल म्हणते.

कस्तुराबाई तेव्हा पन्नाशीला टेकलेली. अंगानं काटक, चालीनं तुरतुरीत आणि तोंडानं तर विचारूच नये. गावातल्या कुठल्याही घरची हळद तिच्या गाण्यांवाचून लागत नसे. एकदा कानावर पडलेलं गाणं तिच्या डोक्यातून पुसलं जात नसे. नवरा मुंजाजी पारावर सगळ्यांना सांगायचा, "हिच्यापुढं भांडू नका रे बाबांनो. धा वर्सांनी तुमचंच भांडण चालीवर म्हणून दाखवंल."

सरजाबाई तिची शेजारीण. दोघी एकाच वैशाखात नवऱ्या होऊन गावात आल्या, भिंतीला भिंत लागून नांदल्या. सरजा तोतरी. पहिल्याच अक्षराला तिची जीभ अडायची, मान ताणली जायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा हसायचा तरी नाहीतर वैतागायचा तरी. म्हणून दोघींनी न ठरवताच एक रीत पडली. सरजा कस्तुराच्या पदराचं टोक ओढायची आणि कस्तुरा बोलायची. रेशनच्या दुकानात, पिठाच्या गिरणीवर, दवाखान्यात. "डॉक्टरसाहेब, हिच्या डाव्या कुशीत दुखायलंय, जेवल्यावर जास्त." सरजानं तिला ते कधी सांगितलेलं असायचं, कधी नसायचंही. पण चुकायचं नाही. तीस वर्षांत सरजाचं मन बोलायला दुसरं तोंड लागलं नाही.

प्रार्थनेलाही कस्तुरा गेली ती अशीच, सरजाचं तोंड म्हणून.

सरजाचा नवरा वारला, त्यामागून तिला ताप भरला तो महिनाभर उतरेना. तिचा मुलगा गोपाळ टेम्पो चालवायचा. त्यानं परभणीहून चंद्रभानला आणलं. चंद्रभानचं तिथं पंक्चरचं दुकान. बोटांच्या पेरांत कायमचं काळं बसलेलं. आठवडाभर ट्यूब जोडायचा आणि रविवारी मोटारसायकलवर खेडोपाडी प्रार्थना घ्यायचा. तो सरजाच्या उशाशी बसला आणि विचारलं, "मावशी, तुमचा विश्वास आहे का?"

सरजानं पदर ओढला. कस्तुरा म्हणाली, "हाय म्हणती. पुढचं काय इचारायचं ते मला इचारा."

चंद्रभान हसला. "मावशी, इथं वकील लागत नाही."

ताप उतरला. गोळ्यांनी म्हणा, प्रार्थनेनं म्हणा. त्यानंतर दर रविवारी सरजाच्या पत्र्याखाली दहा-पंधरा माणसं जमायला लागली. माघात दोघींनी दुधनेच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. मुंजाजी मारुतीच्या भजनात टाळ वाजवणारा माणूस, पण तो बायकोची कोरडी साडी मांडीवर घेऊन काठावर बसून राहिला. "तू जा तुह्या देवाकडं," म्हणाला, "पर लवकर नीघ. गारठलीस तर काढा मलाच करावा लागंल."

पाण्यातून निघाल्यावर चंद्रभाननं सांगितलं, "हा पाण्याचा झाला. आत्म्याचा बाप्तिस्मा अजून राहिला. तो आपल्या हातात नाही. तो आला की जीभ न शिकलेली भाषा बोलते."

चौथ्या रविवारी तो सरजावर आला.

कस्तुरा तिच्या शेजारीच बसली होती. सगळे हात वर करून आपापलं पुटपुटत होते. सरजाचा हात कस्तुराच्या पदराकडं आला, टोक धरलं आणि सोडून दिलं. मग तिचं तोंड उघडलं. मान ताणली नाही, डोळे आवळले नाहीत. मोटेचं पाणी पाटाला लागावं तसं बोलणं चाललं. कुठल्या मुलखाचं कोण जाणे, पण त्याला चढ होता, उतार होता, मध्येच विनवणी होती. एक अक्षर अडलं नाही. पत्र्याखालची माणसं रडायला लागली. कस्तुराही रडली. फक्त तिचं रडणं निराळं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा सरजा काय म्हणतेय ते तिला कळत नव्हतं.

त्या दिवसापासून कस्तुराला ती भाषा हवी झाली. भुकेल्याला भाकरी हवी असते तशी.

वेचणीच्या टोळीत सात जणी. त्यातल्या पाच प्रार्थनेला जायच्या. पावसाळा लागेपर्यंत चौघींवर आत्मा उतरला. कस्तुरा तेवढी कोरडी राहिली. टोळीतली एक जण चेष्टेनं म्हणाली, "कस्तुरा वं, तुह्या तोंडात शब्दच लय. आत्म्याला बसायला जागा कुठंय?"

सगळ्या हसल्या, कस्तुराही हसली. पण ते तिच्या मनात जाऊन बसलं. तिनं गाणं सोडलं. तोंड रिकामं करायचं म्हणून. ज्येष्ठात पुतणीची हळद होती, तिथं ती भिंतीला टेकून मुकी बसली. बायका आर्जवं करून थकल्या. मुलगा हरिओम, त्याची बायको निकिता घरी आल्यावर म्हणाली, "आत्या, लोक म्हणायलेत तुमाला काहीतरी झालंय."

"तेच तर व्हईना गेलंय," कस्तुरा म्हणाली.

मग तो पाऊस आला. कस्तुराच्या दोन एकरांतलं सोयाबीन गंजीतच हिरवं झालं. हरिओम आणि निकितानं गंज उलटीपालटी करून वाळवायचा प्रयत्न केला. आत हात घातला की वाफ यायची, आंबूस वास यायचा. मुंजाजीची कंबर धरलेली, तो बाजेवरून नुसता सूचना द्यायचा. आता घर चालणार ते कस्तुरानं दुसऱ्याच्या वावरात वेचलेल्या कापसावर.

पंडितरावांचा नऊ एकर कापूस होता. पाऊस उघडला की टोळी तिथं लागायची. कमरेला झोळी बांधायची, आपापल्या ओळीची पात धरायची आणि बोंडामागून बोंड उकलत जायचं. भिजलेला कापूस बोंडाला चिकटतो, ओढला तर तुटतो. पांढरा झोळीत टाकायचा, पिवळा पडलेला किडका कवडी कापूस ओच्यात वेगळा. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेत घुसतात. दुपारपर्यंत बोटं अशी होतात की मीठ लावलेली भाकरी धरवत नाही. कस्तुराची पात आणि सरजाची पात लगतची. तीस वर्षं तशीच.

एका दुपारी आभाळ पुन्हा भरून आलं. बायकांनी हात उरकते घेतले. आणि कापसाच्या पराटीतून सरजाचा आवाज आला. तीच भाषा. वेचता वेचता, हात न थांबवता. बाकी तिघीही पुटपुटायला लागल्या. कस्तुरा गप्प राहून ऐकत होती. ऐकलेलं कुठंच जात नसे तिचं. तेही गेलं नाही.

बांधावर पंडितरावांचा सालगडी सिताराम उभा होता. त्यानं मोबाईल काढला आणि सरजाला मोबाईलमध्ये धरलं. रात्र पडायच्या आत ती चित्रफीत गावभर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडितराव स्वतः वावराच्या तोंडाशी उभे. वाईट माणूस नव्हता. दुपारच्या पाण्याला गूळ पाठवायचा. पण एवढ्या कापसाची माती झालेली, त्यात घरात आईनं रडगाणं लावलेलं की वावरात भूतं उतरवली म्हणून पाऊस जाईना.

"हे बघा बायांनो," ते म्हणाले, "घरी काय करायचं ते करा. मह्या वावरात ती जबान बोलणारी बाई नको. ज्यांना येती त्यांनी आजपासून यायचं न्हाई."

सरजानं कस्तुराचा पदर ओढला. आता कस्तुरानं बोलायचं होतं. काय बोलायचं ते तिला पुरतं ठाऊक होतं: 'मालक, सातजणी आलो तर सातजणी वेचू, न्हाईतर सातजणी जाऊ.' वाक्य ओठांवर होतं.

तेवढ्यात पंडितरावांनी तिलाच विचारलं, "कस्तुरे, तू पहिली सांग. तुला येती का?"

खरं काय ते एवढंसं होतं. ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"न्हाई येत."

"मंग तू ऱ्हा. ह्या दोघी ऱ्हातील. बाकीच्या बाया तू घेऊन ये, टोळी तुझी."

पदराचं टोक सुटलं. जोरात नाही. अलगद, लुगड्यावरचं कुसळ झाडावं तसं. सरजानं कमरेची झोळी सोडली, घडी घातली, काखेत धरली आणि बाकीच्या तिघींबरोबर बांधाबांधानं निघाली. कस्तुरा पाहत राहिली. खोटं तर ती बोलली नव्हती. खरंच येत नव्हती तिला.

घरी मुंजाजीला सांगितलं. तो आढ्याकडं पाहत म्हणाला, "बोललीस ते खरंच हाय. पर कुणी इचारलं म्हणून लगेच सांगायची ती खरी गोष्ट न्हवं."

चौघी गोपाळच्या टेम्पोतून चारठाण्याकडं वेचणीला जायला लागल्या. पहाटे जायच्या, दिवेलागणीला यायच्या. इकडं कस्तुराच्या लगतच्या पातीत नवी बाई आली. तिचा हात चांगला होता, बोलायचीही बरी. कस्तुरा मात्र बोंड उकलताना डाव्या बाजूला पाहायची आणि पुन्हा खाली पाहायची.

एकदा गिरणीवर दोघी समोरासमोर आल्या. सरजाचं पीठ जाडं दळलं होतं. तिनं डबा गिरणीवाल्यापुढं धरला. "जा... जा... जा..." मान ताणली. रांगेतली पोरं खिदळली. गिरणीवाला म्हणाला, "जाऊ का? कुठं जाऊ, मावशी?" कस्तुराच्या ओठांवर वाक्य तयार होतं. ती एक पाऊल पुढं झाली. सरजानं तिच्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी बरं होतं. पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवून झगडायला लागली. "जा... जाडं हाय." घामानं तिची चोळी भिजली, पण पदर तिनं ओढला नाही.

रविवारी कस्तुरा पत्र्याखाली जायची, पण मागं, उंबऱ्याजवळ बसायची. दोन दिवसांचा उपास केला. चंद्रभाननं तिच्या डोक्यावर काळ्या पेरांचा हात ठेवला. "जीभ सैल सोडा, मावशी. धरून ठेवू नका." शेजारची कुजबुजली, "काई बी बोल वं. पुढचं त्यो बघतो."

"काई बी बोलायला मी तीस वर्सं हायेच की," कस्तुरा म्हणाली. "ते कामून त्याचं म्हणू?"

तिला दहा भाषा रचून म्हणता आल्या असत्या. तिनं रचल्या नाहीत. तोंड उघडं ठेवून ती बसून राहायची. जीभ वाळून जायची. बाहेर कोंबड्या माती उकरायच्या. काही येत नसे.

मार्गशीर्षात शेवटची वेचणी लागली. पराट्या काळ्या पडलेल्या, फांदीला दोन-तीन बोंडं. दुपारी बायका भाकरी सोडून बसल्या होत्या. पंडितराव दोन पाहुण्यांना वावर दाखवत आले. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "तुमच्याच रानात का हो ती बाई...?"

पंडितराव नुसते हसले. पण सिताराम पुढं झाला. त्यानं डोक्यावर उपरणं पदरासारखं घेतलं, डोळे मिटले आणि सोंग केलं. "म... म... म... मलबलबल..." मान ताणून, तोतरं तोतरं. पाहुणे पोट धरून हसले. टोळीतल्या बायकांनीही तोंडाला पदर लावले.

कस्तुराच्या हातातला घास तसाच राहिला. इतर काही नाही, पण ते तोतरेपण तिला सोसलं नाही. ती उठली.

"सिताराम, तसं न्हाई बोलत ती. तिथं तिची जीभ अडत न्हाई."

"तुला काय ठावं? तुला तर येत न्हाई म्हणालीस मालकाला."

"येती," कस्तुरा म्हणाली. "मला बी येती."

पंडितराव म्हणाले, "कस्तुरे, बस खाली. भाकर खा. उगं बोलून जाऊ नकोस. शेवटची येचणी हाय."

"येती म्हणलं ना मालक."

"येती तर दाखव बोलून."

त्यांना वाटलं ती खाली बसेल. कस्तुरानं तोंड उघडलं. खरं तर तिनं मनाशी ठरवलं होतं की सरजाचं पराटीतलं बोलणं जसंच्या तसं म्हणायचं, हळदीचं गाणं म्हणतात तसं. आठवणीतून पहिला शब्द उचलला, दुसरा उचलला. मग ते चाललं. चढ आला, उतार आला, विनवणी आली. तिची दुखरी बोटं उघडली गेली. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. थांबली तेव्हा पाहुणे हसत नव्हते. सितारामनं उपरणं डोक्यावरून काढून हातात धरलं होतं. मोबाईलला त्याचा हात लागला नव्हता.

पंडितरावांनी मान खाली घातली. "जा," म्हणाले. एवढंच.

कस्तुरानं झोळी सोडली. सकाळपासूनचा कापूस ढिगावर ओतला, कवडी कापूस बाजूला ओतला, झोळीची घडी घातली आणि काखेत धरून बांधानं निघाली. सरजा गेली होती त्याच बांधानं.

गावात ती पोचायच्या आधी बातमी पोचली. कस्तुरावर आत्मा उतरला, तो पण भर वावरात! रविवारी पत्र्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. चंद्रभाननं तिला पुढं बोलावलं. "मावशी, साक्ष द्या."

कस्तुरा उभी राहिली. समोर सरजा बसली होती, गुडघ्यांना हातांची मिठी घालून.

"साक्ष हीच," कस्तुरा म्हणाली, "की मला काई आलं न्हाई. ते सरजाचं हाय. पराटीत ती बोलली ते मी पाठ केलं होतं. मालकापुढं तेच म्हणलं. एकदा खरं बोलून तिला सोडलं होतं, म्हणून एकदा खोटं बोलले. तुमी उगं आनंद करू नका."

मागून एक म्हातारी म्हणाली, "देवाच्या गोष्टीत नकला!" कस्तुराच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चंद्रभान म्हणाला, "काय म्हणालात ते एकदा ऐकवता का?"

तिनं ऐकवलं. या वेळी डोळे उघडे ठेवून, शाळेतल्या पोरीनं धडा म्हणावा तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. सरजाचं बोलणं त्यांनी कितीतरी रविवार ऐकलं होतं, पण हे तेच का, ते कुणाला सांगता येईना. तसलं बोलणं कोण ध्यानात ठेवतं?

तेव्हा सरजा उठली. तीस वर्षांत चार माणसांत बोलायला ती कधी उठली नव्हती. तिची मान ताणली, डोळे मिटले.

"म... म... महं न्हाई," ती म्हणाली. घाम फुटला, पण ती थांबली नाही. "म... मी अ... असं कधी ब... बोललेच न्हाई. हे ति... तिचं हाय. ति... तिचं तिला दिलेलं."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. कुणीतरी हालेलुया म्हटलं, मग सगळ्यांनीच म्हटलं. कस्तुरा सरजाकडं पाहत उभी. खरं बोलली का ही? का आज ही मह्या वतीनं बोलली? सरजाचं मन ती तीस वर्षं वाचत आली होती. त्या दिवशी तिला ते वाचता आलं नाही.

सोमवारी गिरणीवर रांगेत मागून पदर ओढला गेला. कस्तुरा मागं न पाहताच म्हणाली, "हिचं बारीक दळ रे, मागल्या खेपंला जाडं दिलंस."

विचारायचं तिच्या मनात रोज यायचं. सरजा, बोलणारीला तिचं बोलणं ऐकू येतं का वं? मंग ते तुहं न्हाई हे तुला कसं कळलं? एकदा दोघी गोवऱ्या थापत होत्या तेव्हा तिनं विचारलंच. सरजा हसली, शेणाच्या हातानं तिच्या पदराचं टोक ओढलं आणि पुन्हा थापायला लागली. पुन्हा विचारू म्हणून कस्तुरानं ते ठेवून दिलं.

ते राहूनच गेलं. दोन हजार एकवीसच्या वैशाखात, ज्या महिन्यात दोघी नवऱ्या होऊन आल्या होत्या त्याच महिन्यात, सरजाला करोना झाला. गोपाळनं तिला टेम्पोत घालून परभणीला नेलं. मागं कुणी जायचं नव्हतं. तिथं दवाखान्यात तिच्या वतीनं कोण बोललं असेल, हे कस्तुराच्या मनातून कधी गेलं नाही. सहाव्या दिवशी ती गेली. तिकडंच पुरली.

गोपाळनं टेम्पो विकला, तो आता पुण्याला कुठल्या कंपनीची गाडी चालवतो. सरजाच्या घराला कुलूप आहे. चंद्रभानचं दुकान आहे तसंच आहे, पण मोटारसायकलवर त्याला आता दूर जाववत नाही. महिन्यातून एकदा येतो आणि कस्तुराच्या ओसरीत चार माणसं घेऊन बसतो. पंडितरावांनी कापूस सोडला, वावरात हळद लावली. पुढच्या दिवाळीला त्यांनी कस्तुराकडं गुळाची ढेप पाठवली, निरोप काही नाही. सितारामनं त्यांचं साल सोडलं. तो पोखर्णीला मेव्हण्याच्या वावरात असतो. बाजारात भेटला की कस्तुराला वाकून नमस्कार करतो. तिला ते आवडत नाही. मुंजाजी गेल्या साली गेला. शेवटी शेवटी तिचा हात धरून म्हणायचा, "गा की वं एखादं." ती पुन्हा गायला लागली ती त्याच्यासाठी. आता हळदीला जाते, पोरींना गाणी सांगते.

ती भाषा पुन्हा आली नाही. चंद्रभान आला की कस्तुरा अजूनही तोंड किंचित उघडं ठेवून बसते. वावरात म्हटलेलं तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. पण ते ती कुणापुढं म्हणत नाही.

सितारामनं केलेली ती चित्रफीत हरिओमच्या मोबाईलमध्ये राहिली आहे. एकदा निकिताला ती सापडली. धावत आली. "आत्या, ह्याच्यात सरजामावशी बोलायल्यात, सगळं हाय. तुमचं आन् त्यांचं एकच का, ते आता ऐकून कळंल की. लावू?"

कस्तुराचा हात आपोआप पदराच्या टोकाकडं गेला.

"लाव," ती म्हणाली. "पर आवाज बंद ठेव."

तेव्हापासून कधीमधी दुपारी, हरिओम मोबाईल घरी ठेवून वावरात गेला की ती तो मागून घेते. निकिता आवाज बंद करून देते. मग पराट्यांमध्ये सरजा दिसते. तिचे हात बोंडावरून बोंडावर जातात, मान सैल आहे, ओठ हलतात, एकदाही अडत नाहीत. लगतच्या पातीत कस्तुराच्या डोईवरचा पदर तेवढा दिसतो. तो हलत नाही. ती ऐकतेय.